काळ्या पाट्यांना ऊन

आयुष्यात मी ज्या ज्या वस्तू ‘कायमच्या आहेत’ असं सांगून लोकांच्या गळ्यात मारल्या, त्यातली एकही आज चालू नाही. यवतमाळात माझं टायपिंगचं दुकान होतं. दुकान अजूनही आहे, फक्त आता तिथे टायपिंग होत नाही. लोक येतात, ऑनलाइन फॉर्म भरून घेतात आणि स्वतःचा पासवर्ड विसरले की माझ्याकडे असं बघतात, जणू तो मीच खाल्ला. पण कॉम्प्युटर नवा होता तेव्हा माझा रुबाब वेगळा होता. दुकानाच्या बोर्डावर मी लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘एकदा टाइप, कायमचं सेव्ह’. पेंटरने ‘सेव्ह’चं ‘शेव’ केलं. पहिले आठ दिवस लोक शेव-चिवडा मागायला आत डोकावत होते आणि मी त्यांना हसत होतो. आज वाटतं, खरंच शेव विकली असती तर बरं झालं असतं, निदान कोणाच्या पोटात तरी गेली असती.

माझी शेव म्हणजे फ्लॉपी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळहातात मावेल अशी चौकोनी काळी प्लास्टिकची डबी, एका कडेला सरकणारं पत्र्याचं झाकण आणि आत एक पातळ गोल चकती. चकतीवर तपकिरी लेप असायचा. तो लेप म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, बारीक वाटलेला गंज. त्या गंजाच्या कणांना चुंबकाने हवं तसं वळवून ठेवायचं, की झाली अक्षरं. गंजावर लिहिलेलं कायमचं राहतं असं मी छाती ठोकून सांगत होतो, आणि ऐकणारे मला ‘साहेब’ म्हणत होते.

त्या डबीला मारायला फार काही लागत नसे. घामट बोट, कापसाची धूळ, एसटीच्या खिडकीतलं ऊन, कशानेही ती मरायची. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमधले दिवाणजी आपली फ्लॉपी तंबाखूच्या पुडीबरोबर खिशात ठेवायचे आणि ती उघडली नाही की माझ्या मशीनला नावं ठेवायचे. एका मंडपवाल्याने तर कमाल केली. पत्रिकांच्या मजकुराची फ्लॉपी हरवू नये म्हणून त्याने ती भोंग्याच्या मागच्या चुंबकाला चिकटवून आणली. झाकण पत्र्याचं, त्यामुळे बसलीही घट्ट.

‘पाहा साहेब, कशी सांभाळून आणली,’ तो म्हणाला.

मी फ्लॉपी मशीनमध्ये घातली आणि आत काय उरलं ते त्याला दाखवलं. काहीच उरलं नव्हतं. अशी माणसं दिवसाला दोन तरी यायची, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी त्यांच्या नकला करायचो.

त्याच काळात एकदा गुरुजी दुकानात आले.

गुरुजी म्हणजे माझे चौथीचे शिक्षक. आमचं गाव घाटंजीच्या रस्त्यावर. चौथीत मी वहीत लिहिलं होतं, ‘मले आंबा आवडते.’ गुरुजींनी ‘मले’वर लाल पेनाने अशी रेघ ओढली की कागद फाटला. ‘गाढवा,’ ते म्हणाले, ‘घरी मले म्हण, वावरात मले म्हण. वहीत मला!’ मग कान पिळून ‘मला’ हा शब्द पानभर लिहायला लावला. गाढव हा त्यांचा सगळ्या वर्गासाठीचा शब्द होता. त्यात माया वगैरे काही नव्हती, उगाच लोक मागाहून असल्या शिव्यांना साखर लावतात. पण धडा बसला. माझ्या हाताने त्यानंतर कधी ‘मले’ लिहिलं नाही आणि यवतमाळात राहून तोंडानेही ते सोडून दिलं.

आणि आता हाच माणूस निवृत्त होऊन वऱ्हाडी शब्द गोळा करत फिरत होता. मला हसू आवरेना. लाल पेनाने आख्ख्या गावाच्या जिभा कापल्या आणि आता त्याच वेचत हिंडतो, असं मनात आलं. कारण विचारलं तर त्यांनी घाटंजीच्या बाजारातली गोष्ट सांगितली. एक म्हातारी भांड्यांच्या दुकानात चाटू मागत होती. दुकानदाराला ते कळेना. शेवटी ती ओशाळली आणि लाकडी पळीकडे नुसतं बोट दाखवून उभी राहिली.

‘तिले लाज वाटली रे,’ गुरुजी म्हणाले. ‘अन् ते लाज आपूनच शिकोली.’

त्यांच्या तोंडून वर्गाबाहेरची भाषा मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला ते जरा अवघडल्यासारखं झालं, वडीलधाऱ्या माणसाने घरातले कपडे घालून बाजारात यावं तसं.

त्यांचे शब्द चिठ्ठ्यांवर होते. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठी, असे पत्र्याचे दोन पिपे भरून. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, आणि ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं वाक्य, जसंच्या तसं. अर्थ त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे लिहिले होते. ‘धुरा: दोन वावरांमधली जागा, जी दोघांची असते आणि दोघंही पूर्ण मागतात.’ ‘उलसक: थोडं, पण थोड्याहून थोडं. पाहुणा उलसक वाढ म्हणाला तर मान डोलवावी आणि पळीभर वाढावं.’ अख्खा पावसाळा मी ते टाइप करत होतो. वाचत होतो असं म्हणणार नाही. टायपिस्टचं डोकं भलतीकडे असतं आणि बोटं आपली चालत असतात.

गुरुजींना प्रूफ बघायचं होतं. मी म्हटलं, ‘छपाईच्या वेळी एकदमच काढू, आता कागद कशाला वाया घालवता? शुद्धलेखन मी बघतो. तुमचाच विद्यार्थी आहे.’ हे वाक्य मी मोठ्या ऐटीत टाकलं होतं आणि गुरुजी त्यावर खूश झाले होते.

काम संपलं तेव्हा सहा-सहा फ्लॉप्यांचे दोन संच झाले. एक त्यांना दिला, एक मी ठेवला. गुरुजी पिपे उचलून निघाले तसा मी म्हणालो, ‘हा कचरा आता कशाला जपता? कागदाला वाळवी लागते, उंदीर खातात. हे मात्र कायमचं आहे.’

गुरुजी घुटमळले. ‘घरी ठेवून देतो ना एका कोपऱ्यात,’ ते म्हणाले.

मी हसलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांना ऐकू जाईल असं हसलो. ‘गुरुजी, तुम्ही अजून पाटी-पेन्सिलीच्या जमान्यात आहात.’ शिक्षकाला जुनाट म्हटलेलं फार लागतं, आणि विद्यार्थ्याने म्हटलं तर त्याहून जास्त. त्यांनी मान हलवली आणि पिपे घरी नेले ते थेट काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हवाली केले.

कागद फुकट घालवणं काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या घंगाळात भिजत टाकल्या. चार दिवसांनी त्यात मेथ्या घालून उखळात कुटल्या आणि तो लगदा उपड्या पातेल्यावर थापून त्याचं एक भलंमोठं टोपलं केलं. आमच्याकडे रद्दीचं असं करतात, मेथ्यांमुळे त्याला कीड लागत नाही. पुढच्या खेपेला मी गावी गेलो तेव्हा ते टोपलं वाळून खडखडीत झालं होतं आणि त्यात लसूण ठेवलेला होता. मला हे फार विनोदी वाटलं. गुरुजींचा शब्दकोश लसणाच्या वासाचा झाला, असं मी टपरीवर रंगवून सांगितलं.

पुस्तक काही निघालं नाही. भाषेवर जीव टाकणारी मंडळी दोनदा गावात येऊन गेली. त्यांनी मायबोलीवर भाषणं केली, गुरुजींच्या खांद्यावर शाल टाकली, काकूंच्या हातचे वडे खाल्ले आणि गेली. ती फ्लॉपी दाखवा बरं, असं एकानेही म्हटलं नाही. शाल गुरुजी थंडीत पांघरत. मग फ्लॉपीचा जमाना संपला, सीडी आली, तीही गेली, पेन ड्राइव्ह आले, आणि आता सगळं म्हणे क्लाउडवर असतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ‘साहेब, क्लाउडवर आहे’ असं म्हणतो आणि कोणत्या मेलने ठेवलंय विचारलं की आकाशाकडे बघतो. मी दर वर्षी ठरवायचो, की गुरुजींचं काम नव्या ठिकाणी उतरवून घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम होतं, म्हणून तर ते राहिलं.

या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. गुरुजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, पाय हळूहळू उचलत होता, पण बोलणं गेलं होतं.

‘समदं समजते त्यायले,’ काकू सांगत होत्या. ‘पाणी पायजे तं तांब्याकडे पाहातेत, ते, ते, करतेत, अन् शब्दच येत नाई भाईर. मंग कपाळावर हात मारून घेतेत. डागदर म्हने, ओळखीचं काई वाचून दाखवा, कान जागा झाला तं जीभ जागी होईन. ते पुस्तक काढून दे, बाबू. दुसरं काई त्यायच्या ओळखीचं नाई.’

मी म्हणालो, ‘काळजी करू नका, माझ्याकडे अगदी सुरक्षित आहे.’

आणि खरोखर मला तसंच वाटत होतं. माझा संच लोखंडी कपाटात होता. प्रत्येक फ्लॉपी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, वरून चिकटपट्टी, आत हवेचा कण जाणार नाही अशी. सगळ्यांना अक्कल शिकवणाऱ्या माणसाने जसं ठेवायला हवं तसंच ठेवलं होतं. कपाट उघडलं तर रबर वितळून पिशव्यांना चिकटलेले. पहिल्या फ्लॉपीचं झाकण सरकवून बघितलं. लोणच्यावर येते तशी बुरशी चकतीवर पसरली होती, पांढरी, गोल गोल. मी ऐन पावसाळ्यात त्या पिशव्या बंद केल्या होत्या. आतली ओल आतच राहिली आणि मी वरून चिकटपट्टी लावून तिची पक्की सोय केली होती.

तरी प्रयत्न केले. फ्लॉपी वाचणारं छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं. कानातल्या कापसाच्या काडीने आणि स्पिरिटने चकत्या हलक्या हाताने पुसल्या. एक फ्लॉपी घातली की यंत्र खरखरायचं, खट्कन थांबायचं, पुन्हा खरखरायचं, आणि मग पडद्यावर विचारायचं, ही डिस्क फॉर्मॅट करायची का? म्हणजे पुसून नवी करू का? मला तो प्रश्न इतका निर्लज्ज वाटला की मी यंत्राला शिवी दिली. सहाच्या सहा गेल्या. माझ्याकडे वेगळी ठेवलेली सातवी फॉण्टची होती, ज्या अक्षरसाच्यात मी तेव्हा टाइप करायचो त्याची. तीही गेली.

घाटंजीची एसटी पकडली तेव्हा माझ्याकडे खोटं तयार होतं. त्या काळचा मालच खराब होता, असं सांगायचं ठरवलं होतं. गुरुजींचा संच बघण्यात काही अर्थ आहे असं मला वाटत नव्हतं, तरी यंत्र आणि लॅपटॉप पिशवीत टाकला होता. जिथे कपाटातल्या मेल्या तिथे खेड्यातल्या पत्र्याच्या पेटीतल्या काय जगणार.

गुरुजी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर टेकून बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, ओठ हलले, घशातून ‘ते, ते’ असं निघालं आणि पुढे काही आलं नाही. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. ज्या माणसासमोर बोलताना चुकायला आख्खा वर्ग घाबरायचा त्याला माझं नावही सापडत नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला.

‘पाट्या काढू का?’ काकूंनी विचारलं.

शाळामास्तराच्या घरात चौकोनी काळं काहीही आलं की ते पाटीच. फ्लॉप्यांना त्या पहिल्यापासून ‘काळ्या पाट्या’ म्हणत. पेटीतून त्यांनी एक फडक्याचं गाठोडं काढलं. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि त्यात सहाही फ्लॉप्या.

‘कसर लागू नये म्हणून दरसाल ऊन दाखोलं म्या त्यायले,’ त्या सहज म्हणाल्या.

माझा तोल गेला. ‘ऊन? काकू, हे काय पापड आहेत? तूरडाळ आहे? चैत्राच्या उन्हात फ्लॉपी? तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?’

काकूंनी पाला झटकून पाट्या माझ्यापुढे ठेवल्या. ‘पापडाचं ऊन कायले दाखवतीन मी पाट्यायले?’ त्या म्हणाल्या. ‘येवढं समजत नाई का मले? पापडाले दुपारचं ऊन. लग्नातल्या शालूले सकायचं कोवळं, फडक्याखाली, च्या उकळेस्तवर. पाट्या शालूतल्या हायेत. दिवाळी झाली का दरसाल काढतो अन् पाला बदलवतो.’

मी पिशवीतून यंत्र काढून लॅपटॉपला जोडलं. पहिली पाटी आत घातली. खरखर झाली. थांबली. पुन्हा खरखर झाली आणि पडद्यावर फायलींची नावं आली. दुसरी उघडली. तिसरी अडखळली आणि उघडली. सहापैकी पाच उघडल्या. माझ्या लोखंडी कपाटात जे सडून गेलं होतं, ते या बाईने सकाळच्या चहाएवढ्या उन्हावर जगवलं होतं. टपरीवर आयुष्यभर ज्या लोकांच्या मी नकला केल्या त्यांच्यात एक माणूस राहून गेला होता, तो यवतमाळात रोज माझ्याच आरशासमोर दाढी करायचा.

फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंबांची भेळ. फॉण्ट नव्हता ना. तेव्हाच्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी कळांवर बसवलेली असायची. फॉण्ट गेला की मागे नुसत्या कळा उरतात. ते उलगडून देणाऱ्या सोयी आता आहेत, पण माझ्या फॉण्टची कोणाकडेच नसणार, कारण हुशारी करून मी त्यातली अक्षरं माझ्या बोटांना सोयीची अशी हलवून घेतली होती. मी पडद्याकडे बघत बसलो. मग दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि पडद्यावर दिसतील त्या कळा नुसत्याच दाबत गेलो. डोळ्यांना कळत नव्हतं ते बोटांना कळत होतं. कोणती कळ कशाची, ते इतक्या वर्षांनीही त्यांनी सोडलं नव्हतं. हळूहळू शब्द निघू लागले आणि मी ते वहीत उतरवू लागलो.

‘उलसक’ निघाला. त्याचा अर्थ निघाला. मग वाक्य निघालं, ‘मला उलसक वाढ.’

मी थांबलो. हे वाक्य गुरुजींनी एका म्हातारीच्या तोंडून घेतलेलं होतं. आमच्याकडची म्हातारी ‘मला’ म्हणेल? पुढचं वाक्य उलगडलं, ‘तुला कशाला पाहिजे?’ त्याच्या पुढचं, ‘का गेला होतास?’ ‘कशाला’च्या जागी ‘कायले’ नाही, ‘का’च्या जागी ‘काहून’ नाही, ‘गेला होतास’च्या जागी ‘गेलता’ नाही. पानामागून पान तेच. डोकं भलतीकडे होतं आणि बोटं चालत होती, आणि बोटांना चौथीत जे शिकवलं होतं ते त्यांनी इमानाने केलं होतं. जिथे ‘मले’ दिसलं तिथे ‘मला’. एक सुटलं नव्हतं.

फ्लॉपीची काही चूक नव्हती. काकूंनी तिला जगवलं आणि तिने एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. बिघडवायचं ते मी आधीच बिघडवून तिच्या पोटात घातलं होतं. खरे शब्द चिठ्ठ्यांवर होते, आणि चिठ्ठ्या समोर भिंतीशी होत्या, टोपलं होऊन, लसूण सांभाळत. त्यांची कड सुद्धा झिजली नव्हती. त्या क्षणी मला माझी इतकी किळस आली की पिशवी उचलून निघून जावंसं वाटलं.

‘निंगालं ना? मंग वाच की,’ काकू खाटेपाशी बसत म्हणाल्या.

काय सांगणार? मी वाचलं. ‘मला उलसक वाढ.’

गुरुजींचा चांगला हात खाटेच्या कडेवर आपटला. मला वाटलं त्यांना त्रास होतोय. मी तेच पुन्हा वाचलं, ‘मला उलसक वाढ.’ हात पुन्हा आपटला. चेहरा लाल झाला, मानेची शीर ताठ झाली. ‘ना,’ ते म्हणाले. ‘ना. म.’ ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. ‘म. ले.’

काकू उठून उभ्या राहिल्या.

‘मले,’ गुरुजी म्हणाले. या वेळी एकत्र आला शब्द. झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द होता.

मी घाईघाईने चूक सुधारली. ‘मला’ आलेलं पुढचं एक वाक्य वाचताना मनातल्या मनात वऱ्हाडी करून घेतलं, ‘मले भाकर दे.’ गुरुजी शांत झाले. छताकडे बघत राहिले. त्याच्या पुढचं तसंच बरोबर वाचलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. तोंडातून एक अक्षर नाही. मी हवालदिल होऊन काकूंकडे पाहिलं. मला समजलं नव्हतं ते त्यांना समजलं होतं. आख्खा जन्म एका मास्तरासोबत संसार केलेल्या बाईला ते समजणारच.

‘तसं नको वाचू,’ त्या म्हणाल्या. ‘पयले वाचलं तसं वाच. चुकीचं वाच, बाबू.’

मग मी चुकीचं वाचलं. जसं टाइप केलं होतं तसंच, शुद्ध, तुळतुळीत, निर्जीव. ‘का’ म्हटलं की ते खाटेवर हात आपटून ‘का, का, काहून’ म्हणत. ‘आहे’ म्हटलं की ‘हाय’. काही शब्द यायला इतका वेळ लागे, की मधे काकू चहा करून आणत. काही येतच नसत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग मी तेच वाक्य पुन्हा चुकीचं वाचायचो. आलेला शब्द मी लिहून घेत होतो. वहीची पानं संपली तेव्हा काकूंनी गुरुजींच्या औषधांची खोकी फोडून दिली. त्या चिठ्ठ्या वाऱ्याने उडायला लागल्या. काकू उठल्या, भिंतीजवळचं टोपलं घेऊन आल्या, लसूण ओट्यावर ओतला आणि टोपलं माझ्या पुढ्यात ठेवलं. मेथ्यांचा वास अजून येत होता त्याला.

मी दुकान बंद ठेवून राहिलो. लोकांचे फॉर्म राहिले असतील, राहू देत. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ‘भ’वर आलो. शब्द निघाला ‘भेद्रं’. अर्थ, टोमॅटो. बोटांनी पुढचं वाक्य उलगडलं आणि मी ते गुरुजींना वाचून दाखवलं, ‘टोमॅटोची चटणी कर.’

म्हणजे ज्या शब्दाचं उदाहरण द्यायचं, तोच शब्द मी शुद्ध करून टाकला होता.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. हात आपटला नाही, शीर ताठ झाली नाही. चौथीच्या वर्गात बघायचे तसं चष्म्याच्या वरून बघितलं आणि कुठेही न अडखळता एक आख्खा शब्द म्हणाले.

‘गाढवा.’

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग पेन्सिल माझ्या हातात दिली.

‘हाई लिहून घे,’ त्या म्हणाल्या.